चेहरा आणि नाव : पर्सिस खंबाटा यांची कारकीर्द

छापील जाहिरातीत विकावयाच्या मालाचे नाव ठळक अक्षरांत असते. तो माल तयार करणाऱ्या कंपनीचे नाव तळाशी असते आणि जाहिरातसंस्थेची लहानशी खूणही कधीकधी एखाद्या कोपऱ्यात आढळते. नसते ते एकच नाव. ज्या चेहऱ्यामुळे पान उलटणाऱ्या वाचकाचा हात क्षणभर थांबतो, तो चेहरा कोणाचा, हे बहुधा कोठेही छापलेले नसते. चित्रपटतारकांची गोष्ट निराळी. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा पडद्यावर मिळविलेले त्यांचे नाव हेच त्या जाहिरातीचे भांडवल होते. मॉडेल म्हणून उभ्या राहणाऱ्या स्त्रीचे तसे नाही. तिचे अनामिक असणे हेच तेथे सोयीचे असते. कारण साबण विकत घेणाऱ्या गृहिणीने त्या चेहऱ्याच्या जागी स्वतःला कल्पावे, अशी जाहिरातदाराची अपेक्षा असते.

हा दंडक ज्या थोड्या भारतीय स्त्रियांनी प्रथम मोडला, त्यांत पर्सिस खंबाटा यांची गणना करावी लागेल. साबणाच्या जाहिरातीपासून सुरू झालेली त्यांची वाटचाल सौंदर्यस्पर्धा, विमानकंपनी, कापडगिरणी आणि हिंदी चित्रपट असे टप्पे घेत थेट हॉलिवूडपर्यंत जाऊन पोहोचली. तथापि, त्या नावासाठी त्यांनी काय मोजले आणि मोजल्यानंतर हाती किती उरले, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. तो मांडण्यासारखा आहे. कारण तो केवळ एका रूपवती स्त्रीचा नसून, आपल्या देशात नव्याने उदयाला आलेल्या एका व्यवसायाचा हिशेब आहे.

साबणाची जाहिरात

पर्सिस यांचा जन्म मुंबईत २ ऑक्टोबर १९४८ रोजी एका मध्यमवर्गीय पारशी कुटुंबात झाला. त्या अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. खंभात बंदराशी नाते सांगणारे आडनाव एवढाच काय तो पितृकुळाचा वारसा त्यांच्याकडे राहिला. तो मात्र त्यांनी अखेरपर्यंत जपला. मुलींचे शिक्षण, पोशाखाचे स्वातंत्र्य आणि रंगभूमीची आवड या बाबतींत मुंबईचा पारशी समाज इतरांच्या पुढे होता. त्यामुळे छायाचित्रकारापुढे उभे राहणे ही गोष्ट त्या घरात, इतर घरांत झाली असती तितकी, अनर्थकारक ठरली नाही.

त्या अवघ्या तेरा वर्षांच्या असताना मुंबईतील एका नामांकित छायाचित्रकाराने सहज म्हणून त्यांची काही छायाचित्रे टिपली. तीच पुढे रेक्सोना साबणाच्या जाहिरातीसाठी वापरली गेली आणि ती जाहिरात कमालीची यशस्वी झाली. शाळकरी वयातील मुलीचा चेहरा अशा रीतीने बाजारात आला. त्यामागे कोणतीही योजना नव्हती, शिक्षण नव्हते आणि महत्त्वाकांक्षाही असण्याचे कारण नव्हते.

त्या काळी मॉडेलचे काम म्हणजे नेमके काय होते, हे आज समजावून घेणे आवश्यक आहे. दिल्लीत १९५९ मध्ये दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते खरे. परंतु मुंबई केंद्र उघडण्यास १९७२ साल उजाडले आणि दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या त्या १९७६ च्या जानेवारीपासून. साठच्या दशकातील मॉडेलला छापील पान, रस्त्यावरचा फलक आणि चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी दाखविली जाणारी जाहिरात एवढीच क्षेत्रे उपलब्ध होती. ‘फेमिना’ पाक्षिक १९५९ मध्ये निघाले. ते आणि ‘ईव्हज वीकली’ यांसारखी इंग्रजी नियतकालिके हेच या व्यवसायाचे खरे व्यासपीठ होते. प्रखर दिव्यांच्या उष्म्यात तासन्‌तास एकाच पवित्र्यात उभे राहावयाचे, रंगभूषा आणि केशरचना बहुधा स्वतःच करावयाची, आणि एवढे सारे करून चेहऱ्यावर श्रमाची पुसटशी खूणही उमटू द्यावयाची नाही, असे ते काम होते. श्रम दिसला की चित्र फसले. ज्या धंद्यात कष्ट लपविणे हेच कौशल्य मानले जाते, त्या धंद्यातील कष्टांची कदर समाजाने करावी कशी?

मध्यमवर्गाच्या दृष्टीने तर हा मुळी व्यवसायच नव्हता. शिक्षिका, परिचारिका, टेलिफोन ऑपरेटर किंवा कार्यालयातील टंकलेखिका म्हणून मुलीने नोकरी करावी, येथवर त्या पिढीच्या समजुतीची मजल पोहोचली होती. चेहरा दाखवून पैसे मिळविणे मात्र तिला शोभणारे नाही, असे पुष्कळांचे मत होते. गंमत अशी की, मत देणाऱ्यांच्या घरातील न्हाणीघरात साबण तोच असे.

किताबानंतरची वाट

१९६५ मध्ये पर्सिस खंबाटा ‘फेमिना मिस इंडिया’ झाल्या. तेव्हा त्यांचे वय सोळा होते. आदल्या वर्षी हा किताब मेहेर कॅस्टेलिनो यांना मिळाला होता. म्हणजे या स्पर्धेच्या परंपरेतील पर्सिस या दुसऱ्याच विजेत्या. अमेरिकेतील मायामी बीच येथे भरलेल्या विश्वसुंदरी स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. तेथे यश मिळाले नाही; परंतु परत आल्यानंतर त्यांच्या नावाला आणि चेहऱ्याला मागणी वाढली. एअर इंडिया, गार्डन वरेली साड्या, रेव्हलॉन प्रसाधने अशा बड्या जाहिरातदारांसाठी त्यांनी काम केले. आता जाहिरातीतील मुलगी कोण, हे लोक ओळखू लागले होते.

यानंतरच्याच वर्षी, १९६६ मध्ये, मुंबईत वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या रीटा फारिया यांनी लंडनमध्ये ‘मिस वर्ल्ड’ हा किताब पटकावला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. या दोघींच्या आयुष्यांची तुलना उद्‌बोधक आहे. रीटा फारिया यांनी वर्षभर किताबाचा मान उपभोगला आणि त्या पुन्हा आपल्या वैद्यकीय अभ्यासाकडे वळल्या. त्यांच्याकडे परतण्यासाठी दुसरी वाट होती आणि समाजाच्या दृष्टीने ती अधिक प्रतिष्ठेचीही होती. पर्सिस यांच्याकडे तशी वाट नव्हती. ज्या कामात त्या तेराव्या वर्षी ओढल्या गेल्या, तेच त्यांनी उपजीविकेचे साधन केले. सौंदर्याचा किताब ही एका वर्षाची हौस न मानता त्यावर आयुष्य उभारता येते, असे ठरवणाऱ्या भारतीय स्त्रिया त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन जागतिक किताब जिंकले, तेव्हा त्यांच्यासाठी करार, प्रशिक्षक आणि चित्रपटनिर्माते तयार होते. १९६५ मध्ये यांपैकी काहीही नव्हते. वाट चालावयाची आणि चालता चालताच ती पाडावयाची, असा तो प्रकार होता.

साठीच्या दशकाच्या अखेरीस ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाहों में’ या चित्रपटातून पर्सिस हिंदी पडद्यावर आल्या. भूमिका होती कॅबरेमध्ये गाणाऱ्या तरुणीची. हिंदी चित्रपटाने त्या काळी स्त्रियांसाठी दोन साचे तयार ठेवले होते. साडीतील सोशिक नायिका हा एक आणि आखूड पोशाखातील, हाती प्याला धरलेली स्त्री हा दुसरा. जाहिरातीतून आलेल्या, पाश्चात्त्य वळणाच्या, पारशी मुलीला कोणत्या साच्यात बसविले जाईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नव्हती. अब्बास यांच्यासारख्या पुरोगामी दिग्दर्शकाच्या चित्रपटातही ते टळले नाही. आपल्या रूपाला येथे एकच अर्थ दिला जाणार, हे ध्यानी येताच त्यांनी परदेशाची वाट धरली असल्यास नवल नाही.

परदेशात त्यांना दुसराच साचा भेटला. १९७५ मध्ये ‘कंडक्ट अन्‌बिकमिंग’ आणि ‘द विल्बी कॉन्स्पिरसी’ हे त्यांचे दोन इंग्रजी चित्रपट प्रदर्शित झाले. पहिल्याची कथा ब्रिटिश अमदानीतील भारतीय छावणीत घडते. दुसऱ्याची पार्श्वभूमी वर्णभेदाने ग्रासलेल्या दक्षिण आफ्रिकेची होती आणि त्यात सिडनी पॉइटिए व मायकेल केन हे दिग्गज नट होते. दोन्हींत पर्सिस भारतीय वंशाच्या स्त्रीच्या भूमिकेत दिसल्या. मायदेशात त्या पाश्चात्त्य ठरल्या होत्या, पश्चिमेत त्या पौर्वात्य ठरल्या.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. मुंबईत जन्मलेली आणखी एक अभिनेत्री हॉलिवूडमध्ये फार पूर्वीच कीर्तिशिखरावर पोहोचली होती. तिचे नाव मर्ल ओबेरॉन. परंतु आपला जन्म मुंबईचा आणि आपल्या अंगात आशियाई रक्त आहे, ही गोष्ट तिने आयुष्यभर दडवून ठेवली. जन्मस्थान म्हणून ती ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे नाव सांगत असे. त्या काळच्या वर्णभेदी वातावरणात तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. मर्ल ओबेरॉनचे निधन २३ नोव्हेंबर १९७९ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी अमेरिकेतील चित्रपटगृहांत झळकलेल्या एका प्रचंड खर्चाच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पर्सिस खंबाटा हे नाव, एका अक्षराचाही फेरफार न होता, दिमाखाने आले. काळ किती बदलला, हे दाखविण्यास एवढा योगायोग पुरेसा आहे.

केसांची किंमत

तो चित्रपट होता ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजलेल्या अंतराळमालिकेचे दुसरे पर्व काढण्याचा घाट १९७७ मध्ये घालण्यात आला. त्या नव्या मालिकेतील इलिया या अंतराळयानाच्या दिशादर्शिकेच्या भूमिकेसाठी पर्सिस यांची निवड झाली. दूरचित्रवाणीवरील पाच वर्षांचे काम म्हणजे या व्यवसायात सरकारी नोकरीइतकी शाश्वती. परंतु त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ने तिकीटखिडकीवर विक्रम केला, निर्मात्यांचे गणित बदलले, मालिका रद्द झाली आणि तिच्या जागी भव्य चित्रपट करण्याचे ठरले. रॉबर्ट वाइज यांच्यासारखा ज्येष्ठ दिग्दर्शक आला, चित्रपटाचा खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला. पर्सिस यांना कीर्तीची फार मोठी संधी लाभली. पाच वर्षांची शाश्वती मात्र मालिकेबरोबरच गेली.

शिवाय या भूमिकेची एक अट होती. इलिया ज्या ग्रहावरून आलेली दाखविली होती, तेथील लोकांच्या डोक्यावर केस नसतात. त्यामुळे चित्रणासाठी पर्सिस यांना संपूर्ण मुंडण करणे भाग होते. नटासाठी हा वेषांतराचा एक भाग ठरतो. मॉडेलच्या दृष्टीने तो भांडवल मोडण्याचा प्रकार होता. साबण, प्रसाधने आणि साड्या यांच्या जाहिरातींत ज्या लांब, काळ्याभोर केसांवर प्रकाश पाडला जाई, ते केस उतरविल्यावर पुढचे कित्येक महिने त्यांना त्या क्षेत्रात काम मिळण्याची शक्यताच नव्हती. ते पुन्हा तसेच वाढतील की नाही, ही धास्ती वेगळीच. भारतीय मनाला तर स्त्रीचे केशवपन म्हटले की वैधव्य आणि अवहेलना यांचीच आठवण होते. महाराष्ट्रात या रूढीविरुद्ध सुधारकांनी किती झुंज दिली, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या गोष्टीत आपल्या समाजाने स्त्रीची विटंबना पाहिली, ती एका मुंबईकर तरुणीने आपल्या कामाचा भाग म्हणून, स्वेच्छेने आणि दिव्यांच्या झोतात केली. आणि केस नसतानाही ती देखणी दिसली. तिच्या रूपाविषयी जाहिरातवाल्यांनी जे गृहीत धरले होते, ते त्यामुळे खोटे ठरले.

चित्रपटाच्या कथेत एक विलक्षण वळण आहे. अंतराळातील एक अज्ञात महायंत्र इलियाला उचलून नेते आणि तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक यांत्रिक प्रतिकृती परत पाठविते. चेहरा तोच असतो, डोळे तेच असतात. परंतु आत ती व्यक्ती नसते. तिचे सहकारी त्या प्रतिकृतीत मूळ इलियाची एखादी आठवण जागी होते का, हे शोधत राहतात. ही कल्पना लेखकांनी मॉडेलच्या आयुष्याकडे पाहून सुचविलेली नाही, हे उघड आहे. तरीसुद्धा वयाच्या तेराव्या वर्षापासून जिची प्रतिकृती तिच्याशिवायच घरोघर हिंडत होती, त्या स्त्रीच्या वाट्याला हीच भूमिका यावी, ही नियतीची मार्मिक योजनाच म्हटली पाहिजे. स्वतःचा चेहरा ठेवून त्यातून स्वतःला काढून घेण्याची कला त्यांना नव्याने शिकावी लागली नाही.

या भूमिकेसाठी विज्ञानकथापटांना दिल्या जाणाऱ्या सॅटर्न पुरस्काराच्या अभिनेत्रींच्या नामांकनात त्यांचा समावेश झाला. १९८० मध्ये ऑस्कर सोहळ्याच्या व्यासपीठावरून पुरस्कार प्रदान करण्याचा मान त्यांना मिळाला. भारतीय नागरिकाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते. त्यानंतर तीनच वर्षांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी पहिले भारतीय ऑस्कर जिंकले. त्यांच्याही कारकीर्दीचा आरंभ मुंबईच्या नियतकालिकांत पोशाखांची रेखाचित्रे काढण्यापासून झाला होता. आपण ज्यांना बायकांची चटोर मासिके म्हणून बाजूला सारत होतो, त्यांच्या पानांतून दोघीजणी इतक्या दूरवर पोहोचल्या, ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी अशी आहे.

उतरणीची वर्षे

यशाच्या या शिखरावरूनच उतरण सुरू झाली. १९८० मध्येच जर्मनीत झालेल्या मोटार अपघातात पर्सिस यांना गंभीर दुखापत झाली आणि डोक्यावर मोठा व्रण राहिला. १९८१ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांच्याबरोबरचा ‘नाइटहॉक्स’ आला. त्यात त्या दहशतवादी स्त्रीच्या भूमिकेत होत्या. पाठोपाठ ‘मेगाफोर्स’ आला आणि साफ कोसळला. त्यानंतरचे चित्रपट दुय्यम दर्जाचे होते. १९८३ मध्ये त्यांच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा त्यांनी वयाची पस्तिशीही गाठली नव्हती.

शाळेत शिकविणाऱ्याला किंवा कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्याला दुखणे आले तर त्याला रजा असते. भविष्यनिर्वाह निधी असतो. अनुभव वाढेल तसा त्याचा पगारही, थोडाथोडका का होईना, वाढत जातो. चेहऱ्यावर उपजीविका करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हे सारे उलट घडते. तिचा अनुभव वाढतो आणि मागणी घटते. अपघाताचा व्रण हा तिच्यासाठी केवळ दुखापत नसून रोजगारावरचा घाला असतो. विमा, निवृत्तिवेतन, संघटना यांपैकी कशाचाही आधार तिला नसतो आणि लोक मात्र तिच्या झगमगत्या आयुष्याचा हेवा करीत असतात.

१९८५ मध्ये पर्सिस मुंबईला परतल्या. त्या वेळी भारतातील दूरचित्रवाणीचे रूप पालटत होते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले होते, १९८४ मधील ‘हम लोग’ने मालिकांचे युग सुरू केले होते. १९८६ मध्ये ‘शिंगोरा’ या हिंदी मालिकेत त्यांनी काम केले. ज्या शहरात त्यांचा चेहरा एके काळी फलकांवरून घरोघर पोहोचला होता, तेथे तो आता बैठकीच्या खोलीत दिसू लागला. परंतु येथे त्या स्थिरावल्या नाहीत. पुन्हा अमेरिकेत जाऊन ‘माइक हॅमर’, ‘मॅकगायव्हर’ अशा मालिकांत त्यांनी पाहुण्या कलाकाराच्या भूमिका केल्या. १९९३ मध्ये ‘लोइस अँड क्लार्क’ या मालिकेच्या पहिल्या भागात त्या थोडा वेळ दिसल्या. अभिनेत्री म्हणून तेच त्यांचे अखेरचे दर्शन.

नावांची नोंद

यानंतर त्यांनी जे काम हाती घेतले, ते त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत कमी चर्चिले गेलेले आणि कदाचित सर्वांत अर्थपूर्ण होय. १९९७ मध्ये त्यांनी ‘प्राइड ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारताच्या माजी सौंदर्यसम्राज्ञींची ओळख करून देणारा हा ग्रंथ त्यांनी मदर तेरेसा यांना अर्पण केला आणि त्याच्या मानधनाचा काही भाग त्यांच्या संस्थेला दिला. वरवर पाहणाऱ्याला हे छायाचित्रांनी नटलेले शोभेचे पुस्तक वाटेल. वस्तुतः जिने तेराव्या वर्षी निनावी चेहरा म्हणून कामाला आरंभ केला, तिने आपल्या व्यवसायभगिनींची नावे लिहून ठेवली, हा त्याचा खरा अर्थ आहे. ज्यांची चित्रे जतन झाली पण चरित्रे झाली नाहीत, अशा स्त्रियांची ही नोंद त्यांच्यापैकीच एकीने केली. ते काम इतिहासकारांनी किंवा पत्रकारांनी करावयास हवे होते.

पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९९८ रोजी, छातीत दुखू लागल्याने पर्सिस यांना दक्षिण मुंबईतील रुग्णालयात नेण्यात आले आणि हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पन्नाशीला सहा आठवडे कमी होते. ज्या शहरात जन्म झाला, त्याच शहरात अखेर झाली.

त्यांना थोर अभिनेत्री म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. त्यांच्या नावावर अभिजात म्हणता येईल असा एखादाच चित्रपट आहे, आणि त्याच्या गुणांविषयीही मतभेद आहेत. सौंदर्यस्पर्धांनी स्त्रीला वस्तू बनविले, हा स्त्रीमुक्तिवादी आक्षेपही निराधार नाही. १९९६ मध्ये बंगलोरला भरलेल्या मिस वर्ल्ड स्पर्धेच्या वेळी तो तीव्रतेने मांडला गेला होता. परंतु एखाद्या व्यवस्थेवर टीका करणे आणि त्या व्यवस्थेत राबणाऱ्या व्यक्तीला कमी लेखणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कापडगिरणीच्या मालकावर टीका करताना आपण मागावरच्या कामगाराची अवहेलना करीत नाही. मॉडेलच्या बाबतीत मात्र नेमके हेच होत आले. माल विकणारा प्रतिष्ठित व्यापारी राहिला, जाहिरात लिहिणारा बुद्धिमान ठरला, छायाचित्र घेणारा कलावंत म्हणून गौरविला गेला आणि जिच्याकडे पाहून माल खपला, तिच्या शीलाची आणि अकलेची मात्र चर्चा झाली.

मुंबईच्या स्त्रियांनी गेल्या शतकात कोणकोणत्या मार्गांनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा प्रयत्न केला, त्याचा इतिहास कधीतरी साकल्याने लिहिला जाईल. त्यात शिक्षिका येतील, परिचारिका येतील, गिरणी कामगार स्त्रिया येतील. जाहिरातीच्या दिव्यांखाली उभ्या राहिलेल्या स्त्रियांनाही त्यात जागा दिली पाहिजे. पर्सिस खंबाटा यांनी त्या प्रकरणाचा आराखडा १९९७ मध्येच करून ठेवला आहे. तो पुरा करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.